ती जोडी घेऊ नका. निळ्या डोळ्यांची मनी मात्र ठेवा

वाचकाचं पत्र

मी ठाण्याला राहते. वय ६१, पोस्टातून निवृत्त. यजमानांना दमा आहे, त्यामुळे घरात खरं मांजर आणायचा प्रश्नच येत नाही. तीनेक वर्षांपूर्वी कॅनडातल्या भाचीने मला 'सेकंड लाइफ' या इंटरनेटवरच्या आभासी जगात अवतार (तिथे वावरणारी आपली आकृती) उघडून दिला आणि निळ्या डोळ्यांचं एक मांजर भेट दिलं. तिचं नाव मी मनी ठेवलं. आज माझ्याकडे एकतीस मांजरं आहेत, बॉक्समध्ये बंद ठेवलेली वेगळीच. सुरुवातीला पिल्लं हातोहात जायची. हल्ली ३००-३५० लिंडनला (हे तिथलं चलन) लावली तरी महिना महिना विक्रीच्या पॅनलवर पडून राहतात. खाणं आणि जागेचं भाडं मिळून महिन्याला दोन हजार रुपये तरी जातात.

लिलावात ओळख झालेल्या एका विक्रेत्याने मला दुर्मिळ फरची एक जोडी ४५,००० लिंडनला देऊ केली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एकेक पिल्लू ५,००० ला जाईल आणि दोन महिन्यांत पैसे वसूल होतील. पैसे बाहेरून, पेपॅल या ऑनलाइन सेवेने दिले तर तो ४०,००० लाही द्यायला तयार आहे. एक छोटी एफडी मोडावी का? मुलगा म्हणतो, आई, ही खोटी मांजरं आहेत, सगळी विकून टाक आणि पैसे परत घे. यजमानांना खर्चाचा नेमका आकडा मी सांगितलेला नाही. मी काय करू? आणि मला वेड लागलंय का?
— मांजरवेडी, ठाणे

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वेडबिड काही लागलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने सेकंड लाइफ २००३ साली सुरू केलं. तिथे आधी कोंबड्या आल्या, मग ससे, घोडे आणि मांजरं. ती पाळणारी, त्यांची पैदास करणारी आणि लिलावात बोली लावणारी माणसं जगभर आहेत. त्यांत निवृत्त झालेले आहेत, आजारपणामुळे घरात अडकलेले आहेत आणि रात्रपाळी करून आलेलेही आहेत. तुम्ही त्यांच्यातल्याच एक. तिथे कुणी श्रीमंत झालंच नाही असंही नाही. २००६ साली 'बिझनेसवीक'च्या मुखपृष्ठावर आन्शी चुंग नावाचा अवतार झळकला होता. पण ती बाई तिथल्या आभासी जमिनीच्या व्यवहारात वर आली, मांजरांच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जोडीचं. घेऊ नका. एफडी तर मुळीच मोडू नका. पण नुसतं 'नको' म्हटलं तर पुढच्या लिलावात दुसरी जोडी समोर येईल आणि मन पुन्हा डळमळेल, म्हणून हिशेब मांडून दाखवते.

लिंडनचा भाव गेली बरीच वर्षं एका डॉलरला साधारण अडीचशेच्या आसपास रेंगाळतोय. त्या हिशेबाने ४५,००० लिंडन म्हणजे १८० डॉलर, आपले पंधरा-सोळा हजार रुपये. तुमची पिल्लं ज्या ३५० ला विकली जात नाहीयेत त्याच भावाने ही रक्कम भरून काढायची, तर जवळजवळ १३० पिल्लं विकावी लागतील. त्यांच्या आईबापांचं खाणं वेगळं, पॅनलच्या जागेचं भाडं वेगळं. विक्रेता म्हणतो ही पिल्लं ५,००० ला जातील, म्हणजे नऊ विकली की भागलं. पहिली दोन-तीन कदाचित जातीलही. पण ती कोण घेईल? ज्याला त्या फरची पैदास करायची आहे तोच. ५,००० लिंडन देऊन नुसतं मांडीवर घेऊन बसायला मांजर कुणी घेत नाही. म्हणजे तुमचं आजचं गिऱ्हाईक हेच तुमचं पुढच्या महिन्यातलं प्रतिस्पर्धी दुकान. तो त्याची पिल्लं ३,००० ला लावणार, त्याच्याकडून घेणारा १,२०० ला. साडी विकली तर ती साडी दुकान उघडून बसत नाही. ही मांजरं बसतात.

या बाजाराची सगळी मेख इथेच आहे. जमीन विकणाऱ्या बाईचा माल विकल्यावर वाढत नव्हता, तुमचा वाढतो. शिवाय जनावरं घडवणारा निर्माता दर थोड्या दिवसांनी नवी फर, नवे डोळे, नव्या शेपट्या बाजारात आणत असतो. आणावंच लागतं त्याला, कारण नवं काही दिसलं नाही तर लोक खाणं विकत घ्यायचे थांबतील. त्यामुळे आज जे दुर्मिळ ते दिवाळीपर्यंत जुनं होतं. विक्रेत्याला हे तुमच्याआधी कळलेलं आहे. दोन महिन्यांत पैसे वसूल करून देणारी जोडी माणूस स्वतःच्या अंगणात ठेवेल, विकायला कशाला काढेल?

खाण्यावाचून भागत असेल तर बाजार टिकतो का, असंही कुणी विचारेल. त्याचाही दाखला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर व्हँकूव्हरच्या ॲक्सिअम झेन या कंपनीने 'क्रिप्टोकिटीज' काढली. ही ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टो चलनांच्या सामायिक नोंदवहीवरची मांजरं. त्यांना खाणं नाही, भाडं नाही, आणि मालकी तुमच्या नावावर पक्की नोंदलेली. डिसेंबरात त्यांची एवढी झुंबड उडाली की ती ज्या ब्लॉकचेनवर होती त्या इथेरिअमचं अख्खं जाळं तुंबलं. पहिलं मांजर लाखभर डॉलरच्या वर गेलं. मूळ पिढीची फक्त ५०,००० मांजरं काढायची अशी मर्यादाही घातलेली होती. पण मूळ पिढीला पिल्लं होतात आणि पिल्लांनाही पिल्लं होतात, त्यावर मर्यादा नव्हती. आकडा वीस लाखांच्या पुढे गेला. आज त्यातल्या बहुतेक मांजरांना किरकोळ भावसुद्धा मिळत नाही. मालकी पक्की असून ही गत झाली.

तुमच्या मांजरांची तर मालकीही तशी पक्की नाही. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण माहीत असलेलं बरं. तुमच्या अंगणात फिरणारी मांजर म्हणजे एक आकृती आणि तिच्यात बसवलेला प्रोग्रॅम. ती किती दिवसांची झाली, भुकेली आहे का, गाभण आहे का, हे तो प्रोग्रॅम निर्मात्याच्या सर्व्हरला विचारत असतो. खाणंही त्याच निर्मात्याचं लागतं, दुसऱ्याचं चालत नाही. नळ त्याच्या हातात आहे.

या नळावरून एकदा कोर्टापर्यंत गेलं होतं. २०१० साली ससे बनवणाऱ्या 'ओझिमल्स'ने लिंडन लॅबकडे तक्रार केली की 'ॲमरेटो'चे घोडे ही आमच्या सशांची नक्कल आहे. तक्रार मान्य झाली असती तर घोड्यांबरोबर त्यांचं खाणंही तिथून हटवलं गेलं असतं. तेव्हा ॲमरेटोवाल्यांनी कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात सांगितलं की खाणं मिळालं नाही तर लोकांचे घोडे मरतील. डिसेंबरात न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. घोडे वाचले. गंमत अशी की दिवस फिरले ते सशांवर. मे २०१७ मध्ये ओझिमल्स स्वतःच बंद झाली, सर्व्हर थांबले आणि ससे खाऊ शकेनासे झाले. ते मेले नाहीत, कायमच्या झोपेत गेले. पण ज्या सशांना मालकांनी आधीच 'कायमचं' करून ठेवलं होतं, म्हणजे ज्यांना पिल्लं होणार नव्हती आणि खाणंही लागणार नव्हतं, ते मात्र जागे राहिले. हे शेवटचं वाक्य मनीसाठी लिहिलंय. तिच्याकडे येतेच.

तुमच्या मांजरांचा निर्माता उद्या शटर ओढेल असं मी म्हणत नाही. पण ज्या वस्तूचं आयुष्य दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे तिच्यात निवृत्तीचे पैसे घालू नयेत. लिंडनचंही तेच. लिंडन डॉलर म्हणजे खरे पैसे नव्हेत, तो फक्त वापरायचा परवाना आहे, असं लिंडन लॅबच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्या पेपॅलच्या सवलतीबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला. पाच हजार लिंडन कमी कशासाठी? सेकंड लाइफमध्ये पैसे दिले की त्याची नोंद तुमच्या खात्यात राहते. बाहेरून दिले तर तिथल्या हिशेबात तुम्ही काही घेतलंच नाही. बॉक्स आला नाही, किंवा आला आणि आत भलतंच मांजर निघालं, तर दाखवणार काय? तशीही तिथल्या दोन रहिवाशांच्या, म्हणजे सदस्यांच्या, आपसातल्या व्यवहारात लिंडन लॅब पडत नाही. हातात पावतीही नसेल तर बोलायलाच नको.

पुढे कधी काही विकत घ्याल (घ्याल, मला माहीत आहे), तेव्हा दोन गोष्टी सवयीने करत जा. बॉक्सवर राइट-क्लिक करून 'एडिट' उघडा आणि 'क्रिएटर'च्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहा. बॉक्सला नाव काहीही देता येतं, चित्रही कुठलंही चिकटवता येतं, पण क्रिएटरचं नाव खोटं करता येत नाही. तिथे तुमच्या मांजरांच्या निर्मात्याचं नाव नसेल तर तो नुसता खोका आहे. दुसरी गोष्ट: एखादी वस्तू 'तुमच्या खात्यातून लिंडन डॉलर काढून घ्यायची परवानगी द्या' असा निरोप दाखवते. स्वतःचं पॅनल लावणाऱ्या विक्रेत्याला परतावा देण्यासाठी तशी परवानगी द्यावी लागते, तेवढं ठीक. पण विकत घेणाऱ्याला ती कधीच द्यावी लागत नाही. मांजराच्या बॉक्सने, भेटवस्तूने, फुकट मिळालेल्या खाण्याच्या वाडग्याने ती मागितली तर 'नाही'वर बोट ठेवायचं आणि वस्तू पुसून टाकायची. एकदा हो म्हटलं की ती वस्तू तुम्हाला न विचारता खातं रिकामं करू शकते.

आता एकतीस मांजरांचं. मुलगा म्हणतो विकून पैसे परत घे. त्याला सांगा, पैसे परत येणार नाहीत. आलेच तर रुपयाला चार आणे. खाण्यावर गेलेले पैसे कुठल्याच मांजराच्या किमतीत मोजले जात नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा तुमच्या अंगणाचा सध्याचा ताळेबंद आहे. म्हणून आधी मसाला बंद करायचा. जी ठेवायची नाहीत ती सगळी आजच बॉक्समध्ये घाला. बॉक्समधलं मांजर खात नाही, वाढत नाही आणि इन्व्हेंटरीत (तुमच्या खात्यातल्या सामानाच्या कपाटात) टाकलं की जागाही अडवत नाही. या एका गोष्टीने पुढच्या महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली यावा. नवी पैदास बंद. जोड्या फोडा.

भाव ठरवताना शेजारच्या पॅनलवरचे आकडे बघू नका. पॅनलवर विक्रेत्याची इच्छा लिहिलेली असते. गिऱ्हाइकाने काय दिलं ते लिलावातच कळतं. दोन-तीन लिलाव बोली न लावता नुसते बसून पाहा आणि तुमच्यासारख्या मांजरावर हातोडा कितीला पडतो ते वहीत टिपून ठेवा. पोस्टात आयुष्य काढलेल्या बाईला नोंदी ठेवायला मी शिकवायला नको. एक मात्र सांभाळा: तिथलं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं चालतं. त्यांचा दुपारी बाराचा लिलाव म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. झोप मोडून, डोळे चोळत लावलेल्या बोलीवर किती घरांत पश्चात्ताप झालाय ते विचारू नका. विकायला माल द्या आणि झोपून जा. विक्रीसाठी तुम्ही जागायची गरज नाही.

सुट्या मांजरांपेक्षा एकत्र गठ्ठा बरा जातो. तीन-चार मांजरं आणि थोडं खाणं असा नवशिक्याला पुरेल इतका संच करा आणि कमी भावात लावा. विकताना लपलेल्या गुणांची माहिती खरी लिहा. मांजराच्या अंगावर दिसतं एक, आणि आईबापाकडून आलेलं दुसरं आत दडलेलं असतं. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलो तसंच काहीसं. जाणकार गिऱ्हाईक वंशावळ बघूनच पैसे टाकतं. जी विकलीच जाणार नाहीत ती वाटून टाका. काही निर्माते नको असलेली जनावरं परत घेऊन बदल्यात पॉइंट देतात, आणि त्या पॉइंटांवर त्यांच्याकडचंच काहीतरी मिळतं. तुमच्या निर्मात्याकडे अशी सोय असेल तर वापरा. फक्त मिळालेल्या पॉइंटांनी नवं मांजर घेऊ नका.

जमलेले लिंडन रुपयांत करायच्या खटाटोपात पडू नका, हे माझं स्वच्छ मत आहे. आधी लिंडनचे डॉलर, मग ओळखपत्रांची पडताळणी, मग पेपॅल, मग बँक. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी कापलं जातं. त्यात २०२२ पासून आपल्याकडे आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कायद्यातली व्याख्याही चांगलीच ऐसपैस केलेली आहे, नुसत्या क्रिप्टोपुरती नाही. मोठी रक्कम कधी काढायची झालीच तर आधी तुमच्या सीएला विचारा. पण पाच-सात हजार लिंडनसाठी, म्हणजे पावणेदोन ते अडीच हजार रुपयांसाठी, एवढं सव्यापसव्य कशाला? त्यापेक्षा ते लिंडन खात्यात राहू द्या आणि उरलेल्या मांजरांचं खाणं त्यातूनच घ्या. म्हणजे काही महिने खिशातून दमडी जाणार नाही.

उरलेली म्हणजे किती? माझा आकडा पाच-सहा. कुठली ते बाजारभावावरून ठरवू नका. तुम्ही लॉगइन केल्यावर आधी कुणाकडे जाता, त्यावरून ठरवा. मनी त्यात असणारच. भाचीच्या त्या मांजराला आज कुणी शंभर लिंडनही देणार नाही, कारण तिची फर जुनी आहे आणि निळे डोळे आता गल्लोगल्ली झाले आहेत. म्हणूनच तिच्याबाबत निर्णय सोपा आहे. तुमच्या निर्मात्याकडे जनावराला कायमचं पाळीव करून टाकायची सोय असेल तर तिच्यावर तेवढे पैसे जरूर घाला. मग तिला पिल्लं होणार नाहीत, खाणंही लागणार नाही. उद्या दुकान बंद पडलं तरी ती झोपी जाणार नाही, त्या सशांसारखी जागीच राहील.

घरातलं. 'खोटी मांजरं' या शब्दाने तुम्ही दुखावल्या आहात, ते पत्रात न लिहिताही दिसतं. मुलाशी खरं-खोटं करत बसू नका. त्याला एकदा शेजारी बसवा आणि मनी दाखवा. बस्स. पण यजमानांना मात्र आकडा सांगा, आणि तो जोडीचा निर्णय झाल्यावर नाही, या आठवड्यातच. महिना दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार. तुमच्या पेन्शनीतले आहेत, तुमचा हक्क आहे, त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण लपवलेला आकडा उघडा पडला की तो दुप्पट दिसतो, आणि मग सगळं बोलणं मांजरांवर न राहता विश्वासावर जातं. सांगताना पुढचाही आकडा सांगा: "आजवर इतके जात होते, यापुढे पाचशेच्या वर जाणार नाहीत." घरात खरं मांजर त्यांच्या दम्यामुळे येऊ शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मला वाटतं ते तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी बोलतील. जास्त बोललेच तर मला पुन्हा लिहा.

आता त्या विक्रेत्याला काय कळवायचं ते. लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, तो त्यातून फट शोधेल. एवढंच लिहा: "जोडी सुंदर आहे, पण मी आता नवीन मांजरं घेत नाही. उलट माझ्याकडची कमी करते आहे. यादी सोबत पाठवते, हवी असतील तर सांग." मग तो ३५,००० म्हणेल, हप्त्यांत दे म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणेल. उत्तर देऊ नका. तुमच्या यादीतलं एखादं मांजर त्याने खरंच मागितलं तर द्या, पण पैसे लिंडनमध्ये, तिथल्या तिथे, आणि बॉक्स त्याच्या हाती देण्याआधी.